उन्हाच्या आचेवर थराची भाजी



'कॅसरोल' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? चपात्या गरम राहाव्यात म्हणून घेतलेला, नाहीतर लग्नात आहेर म्हणून हमखास आलेला तो झाकणाचा डबा. पण हा शब्द मूळचा त्या डब्याचा नव्हे. कॅसरोल म्हणजे झाकण लावून भट्टीत ठेवायचे पसरट भांडे, आणि त्यात मंद आचेवर, आपल्याच रसात शिजलेला पदार्थही. फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हांस नावाचा प्रांत आहे. तिथे उन्हाळ्यात वांगी, टोमॅटो आणि काकडी-भोपळ्याच्या कुळातली झुकिनी यांच्या चकत्या मातीच्या पसरट भांड्यात थराथराने रचतात, वरून तेल सोडतात आणि भांडे भट्टीत सरकवतात. त्या भांड्याला 'तियाँ' म्हणतात आणि भाजीलाही तेच नाव. आपल्याकडे झुकिनीच्या जागी दोडका आणि दुधी आहेत, वांगी तर आपलीच. राहता राहिली भट्टी. ती कुठून आणायची?

चैत्र-वैशाखात ती भट्टी आपल्या अंगणात फुकट पेटलेली असते. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत आपण तिच्याकडे पाठ फिरवून सावली शोधतो, आणि त्याच वेळी घरातली बाई धुराच्या चुलीपुढे बसून दुपारचा स्वयंपाक करत असते. आज मी तुम्हाला या उन्हावर भाजी भाजून घेण्याची रीत सांगणार आहे. ती मला कोणत्याही पुस्तकाने शिकवली नाही. माणदेशातल्या एका आजींनी शिकवली, आणि तीही माझी चांगली फजिती झाल्यावर.

फसलेले प्रात्यक्षिक

गोष्ट १९९९ सालच्या उन्हाळ्यातली. मी नोकरीत नवा होतो. आमच्या तालुक्यातल्या एका गावी फवारणीविषयी बैठक होती. बैठक संपल्यावर महिलांसाठी काहीतरी करावे म्हणून मी सूर्यचुलीचे प्रात्यक्षिक ठेवले. १९८० च्या दशकात सरकारने या पेटीच्या सूर्यचुलींना अनुदान दिले होते, तेव्हा आलेली एक पेटी गावातच सापडली. एका घरच्या माळवदाखाली ती कुरडया ठेवायला वापरत होते. कुरडया काढल्या, काच पुसली, आणि बाराच्या सुमारास थंड पेटीत मी वांग्या-टोमॅटोचे डबे ठेवले.

बायका जमल्या होत्या. प्रत्येकीला आत काय चालले आहे ते दाखवावे म्हणून मी दर दहा मिनिटांनी काच उघडत होतो. अडीच वाजले तरी वांगे कच्चेच. हसू दाबत बायका उठून जाऊ लागल्या. ज्या घरची पेटी होती त्या घरच्या आजी मात्र जवळ येऊन म्हणाल्या, "लेकरा, इरजण लावून सारखं उघडून बघितलं तर दही लागतंय व्हय?"

मी खाली मान घातली. आजी एवढ्यावर थांबल्या नाहीत. "आजचा मुक्काम हितंच कर. उद्या मी लावते, तू बघ."

त्यांच्या घरचा प्रसंगही ऐकण्यासारखा होता. आदल्याच दिवशी त्यांचा मुलगा बाजार समितीतून टोमॅटोचे सहा क्रेट तसेच परत घेऊन आला होता. भाव इतका पडला होता की हमाली आणि गाडीभाडेही निघत नव्हते. सहा क्रेट टोमॅटो ओसरीत, परसात वांगी, कुंपणावर दोडके. आणि घरात दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, पिठले आणि मिरचीचा ठेचा. का? तर सून सहा महिन्यांची गरोदर होती. दुपारी चुलीपुढे बसले की तिला घेरी यायची. आरोग्यसेविकेने तपासून रक्त कमी असल्याचे सांगितले होते. दोन-दोन भाज्या निवडून, फोडणी देऊन शिजवायला तिच्यात त्राण नव्हते, आणि आजींचे डोळे आयुष्यभराच्या धुराने कमजोर झालेले. भाजी पिकवणाऱ्या घरात भाजी शिजत नव्हती.

मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. कृषी महाविद्यालयात मी टोमॅटोवरचे रोग शिकलो, खतांच्या मात्रा पाठ केल्या. हेक्टरी उत्पादन कसे वाढवावे हे मी बांधाबांधावर सांगत होतो. पण पिकलेल्या मालातले घरच्या ताटात किती येते, हा प्रश्न मी एकाही घरी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आजींनी सव्वानऊलाच रिकामी पेटी उन्हात तोंड करून ठेवली. सुनेने ओसरीच्या सावलीत बसून चकत्या केल्या. दहाला डबे आत गेले. मग आजींनी काचेवर हात ठेवायलाही मला मनाई केली. साडेबाराला पेटी उघडली, तेव्हा लसूण-तिळाचा वास अंगणभर गेला. वांगे बोटाने दाबले तर लोण्यासारखे. सून त्या दिवशी दुपारी चुलीपुढे बसलीच नाही. भाकरी सकाळच्या गारव्यातच भाजून ठेवल्या होत्या.

पेटीत उष्णता येते कशी?

ही युक्ती नवी नाही. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १७६७ साली काचा लावलेली पेटी उन्हात ठेवून आतली उष्णता मोजली होती. आपल्या मुंबईतही विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आरशांची सूर्यचूल बनवली आणि १८७८ साली त्यावर पुस्तक छापले. सात शिपायांचे मांस आणि भाज्यांचे जेवण जानेवारीच्या उन्हात दोन तासांत शिजल्याचे त्याने नोंदवले आहे. जानेवारीत जे झाले, ते एप्रिल-मे मध्ये का होऊ नये?

पेटीची रचना सोपी आहे. बाहेरची पेटी, आतली पेटी आणि दोन्हींच्या मध्ये उष्णता अडवणारा थर. आतला पत्रा काळा रंगवलेला असतो, वर दोन काचा आणि झाकणाला आतून आरसा. ऊन काचेतून आत जाते, काळा पत्रा ते शोषून तापतो. पण तापलेल्या पत्र्यातून निघणारी उष्णता काचेतून सहज बाहेर पडत नाही. चांगल्या उन्हात आतले तापमान १०० ते १४० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. भाज्या शिजायला ९० अंशही पुरतात, फक्त वेळ जास्त द्यावा लागतो. डबे आणि त्यांची झाकणे बाहेरून काळी असतात ती याच कारणाने. चकचकीत भांडे ऊन परतवून लावते. म्हणून रंग उडाला असेल तर डब्यांना फक्त बाहेरून मंद काळा रंग द्या. आतून रंग लावू नका.

एका नेहमीच्या पेटीत चार डबे बसतात आणि मिळून दोन किलोच्या आसपास अन्न शिजते. चार-पाच माणसांचे एक वेळचे जेवण त्यात होते. दोन डब्यांत आपली थराची भाजी, एकात भिजवलेली तूरडाळ आणि एकात तांदूळ, असा मेळ घाला. डाळीला वेळ जास्त लागतो, म्हणून ती आधी ठेवा.

साहित्य (दोन डब्यांसाठी, पाच माणसांना)

कोवळी वांगी पाव किलो, दोडका किंवा दुधी पाव किलो, लाल भोपळा पाव किलो, मध्यम टोमॅटो तीन, कांदे दोन. दाण्याचे कूट एक वाटी, भाजलेले तीळ दोन चमचे, भाजलेले डाळीचे पीठ दोन चमचे, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, मूठभर कोथिंबीर, कांदा-लसूण मसाला दोन चमचे, हळद अर्धा चमचा, सुपारीएवढा गूळ, चवीपुरते मीठ, तेल चार चमचे. वरून घालायला एका शिळ्या भाकरीचा चुरा आणि एक छोटी कैरी.

भोपळा नसेल तर बटाटा चालेल, गवार असेल तर शिरा काढून बोटाएवढे तुकडे करा. भेंडी मात्र या भाजीत घालू नका, बुळबुळीत होते.

कृती

१. रिकामी पेटी सकाळी पाऊण तास आधी उन्हात ठेवा. काच कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा. काचेवर धूळ असली तर तेवढे ऊन वाया जाते. आरसा असा फिरवा की त्याची तिरीप बरोबर काचेवर पडेल.

२. तीळ, लसूण, कोथिंबीर एकत्र वाटा. त्यात दाण्याचे कूट, डाळीचे पीठ, मसाला, हळद, गूळ, मीठ आणि तीन चमचे तेल घालून सैलसर कालवा. पाणी घालू नका. मिठामुळे भाज्यांना पाणी सुटते, ते हे पीठ आणि कूट धरून ठेवतात आणि रस दाट होतो.

३. सगळ्या भाज्यांच्या साधारण अर्ध्या बोटाच्या जाडीच्या चकत्या करा. भोपळा थोडा पातळ चिरा. वांगी चिरून लगेच पाण्यात टाका म्हणजे काळी पडणार नाहीत. रचताना निथळून घ्या.

४. डब्याला आतून उरलेले तेल लावा. तळाला कांदा, त्यावर भोपळा, मग वाटणाचा पातळ थर. त्यावर वांगी, पुन्हा वाटण. त्यावर दोडका, पुन्हा वाटण. सर्वांत वर टोमॅटो. टोमॅटो वर ठेवण्याला कारण आहे. आंबट रसात भाज्या लवकर मऊ होत नाहीत. टोमॅटो तळाशी घातले तर भोपळा दडदडीत राहतो. वर ठेवले तर त्यांचा रस सावकाश खाली झिरपतो, तोवर खालच्या भाज्या निम्म्या शिजलेल्या असतात.

५. डब्यात वरची दोन बोटे जागा मोकळी ठेवून झाकण लावा, दहाच्या सुमारास पेटीत ठेवा आणि काच बंद करा. आता अडीच तास उघडायचे नाही. आजींचे इरजण आठवा. फक्त पेटीचे तोंड सूर्याकडे आहे की नाही ते अर्ध्या-पाऊण तासाने पाहा. मे महिन्यात मध्यान्हीला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे पेटी फार फिरवावी लागत नाही.

६. सकाळी भाकरी झाल्या की तापलेल्या तव्यावरच शिळ्या भाकरीचा चुरा थेंबभर तेलात कुरकुरीत परतून ठेवा. डब्यात वाफ असल्याने आत घातलेला चुरा मऊ पडतो; म्हणून तो वाढताना वर भुरभुरावा. कैरी किसून तीही त्याच वेळी घाला.

पेटी उघडताना जाड फडके हातात घ्या आणि तोंड बाजूला ठेवा. आतली वाफ आणि डबे चांगलेच पोळतात. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

पेटी नसेल तर

सूर्यचूल नाही म्हणून ही भाजी अडत नाही. आपल्या लोकांना भट्टीची रीत ठाऊकच आहे. कोकणात काकडीची तवसोळी 'खाली निखारा, वर निखारा' करून भाजतात. रायगडकडे हिवाळ्यात वालाच्या शेंगांची पोपटी मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून जाळात भाजतात. खानदेशातले भरताचे वांगे काड्यांच्या जाळावर भाजले जाते. तेव्हा जाड बुडाच्या पातेल्यात हेच थर रचा, सपाट झाकण ठेवा, चुलीतला जाळ ओढून घेऊन थोड्या निखाऱ्यांवर पातेले बसवा आणि झाकणावर निखारे पसरा. पाऊण तासात भाजी होते. या रीतीत भाकरीचा चुरा शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी आतच पसरा, तो वरच्या आचेने खरपूस होतो. ज्यांच्याकडे विजेची भट्टी आहे त्यांनी १८० अंशांवर झाकून पाऊण तास आणि उघडून दहा मिनिटे ठेवावे.

हौशी तरुणांनी घरी पेटी करून पाहायलाही हरकत नाही. एकात एक बसणारे दोन पुठ्ठ्याचे खोके, मध्ये भाताचे तूस किंवा चुरगळलेले कागद, आत काळा रंगवलेला पत्रा आणि वर खिडकीची काच. ही पेटी विकतच्या पेटीइतकी तापत नाही, म्हणून वेळ जास्त लागतो.

ताटात काय पडले?

आपण भाजी उकडून पाणी फेकतो तेव्हा त्या पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात. या भाजीत पाणी घालायचेच नाही, तेव्हा फेकायचा प्रश्न येत नाही. लाल भोपळ्यातले कॅरोटीन शरीरात 'अ' जीवनसत्त्वात बदलते. ते अंगी लागायला तेलाची गरज असते, आणि ती तेल व दाण्याच्या कुटाने भागते. दाण्यांतून प्रथिने मिळतात. 'क' जीवनसत्त्व मात्र उष्णतेने कमी होते. म्हणून कैरी कच्चीच वरून घालायची. बाजरीच्या भाकरीतले, डाळीतले लोह शरीराने शोषून घ्यावे यासाठी हे 'क' जीवनसत्त्व मदत करते. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर तेच लोह कमी शोषले जाते. रक्त कमी असलेल्या भगिनींनी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत; भाजी गोळ्यांची जागा घेत नाही, तिला जोड देते.

खबरदारीच्या चार गोष्टी

पहिली : दोडका, दुधी, काकडी चिरताना प्रत्येक फळाचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि ते फळ फेकून द्या. उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडला की या फळांतला कडवटपणा वाढू शकतो. तो नुसता चवीचा दोष नव्हे, विष आहे. शिजवूनही ते जात नाही.

दुसरी : वांग्यावर फवारणी केली असेल तर औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते छापलेले असते. ते दिवस भरल्याशिवाय फळ तोडू नका, घरी खायलाही नाही आणि विकायलाही नाही. घरच्यासाठी परसात आठ-दहा झाडे वेगळी लावावीत हे उत्तम.

तिसरी : शिजलेली भाजी पेटीत संध्याकाळपर्यंत ठेवू नका. ऊन उतरले की अन्न कोमट राहते आणि कोमट अन्न लवकर नासते. दुपारीच खा. उरली तर रात्री चांगली उकळी आणून खा.

चौथी : टोमॅटोची आंबट भाजी ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवून देऊ नका. शिजल्याबरोबर स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात काढा.

खरे ते सांगतो

सूर्यचूल आली म्हणून चूल विझत नाही. तीत भाकरी होत नाही, फोडणी होत नाही, तळण होत नाही. ढगाळ दिवशी ती निव्वळ पेटी असते, आणि पावसाळ्यात पुन्हा कुरडयांचा डबा होऊ शकते. तिचा स्वयंपाक सावकाश होतो, म्हणून पाहुणे दारात आले असताना ती कामाची नाही. अनुदानावर आलेल्या पेट्या मागे का पडल्या, याचे एक कारण हेच की आम्ही ती चुलीला पर्याय म्हणून सांगितली. ती पर्याय नव्हे, जाऊबाई आहे. दुपारचा भार तिने उचलायचा, सकाळ-संध्याकाळचा चुलीने किंवा गॅसने.

पण दुपारचा तो भार हलका नाही. खुरपणीला गेलेल्या बाईने दहाला डबे लावले आणि साडेबाराला ती बांधावरून परतली, तर भाजी, डाळ, भात तयार सापडतो. ना करपण्याची भीती, ना ऊतू जाण्याची. उन्हातून येऊन पुन्हा आगीपुढे बसणे चुकते. दारातल्या बाजेवर दहा मिनिटे पाठ टेकता येते. पुरुष मंडळींनो, ही दहा मिनिटे किती मोलाची आहेत हे तुम्ही विचारूनच पाहा. आणि पेटी अंगणात नेऊन ठेवणे, काच पुसणे, आरसा फिरवणे ही कामे तुम्हालाही येतात.

त्या घरी मी नंतरही जात राहिलो. सुनेला त्या श्रावणात मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप होती. टोमॅटोचे चार क्रेट आजींनी चकत्या करून, मीठ लावून, धाब्यावर वाळवले आणि पावसाळाभर आमटीत घातले. बाकीचे शेजारी वाटले. भाव काही परत आला नाही, त्या मालाचे पैसे बुडाले ते बुडालेच. मी त्यावर उपाय सांगू शकलो नव्हतो, आणि सगळा उपाय आजही माझ्याजवळ नाही. पण विकला न गेलेला माल घरच्या पोटात नीट जावा, एवढे तर आपल्या हातात आहे.

आजी आता नाहीत. पेटीची वरची काच एकदा वासराने फोडली, ती गावातल्या सुताराकडून बदलून घेतली. परवा गेलो तेव्हा पेटी अंगणात उन्हात होती आणि ती श्रावणातली मुलगी माहेरपणाला आलेली होती. मी सवयीने काचेकडे हात नेला, तशी ती आतूनच ओरडली, "काका, उघडू नका!"

मृग लागायला अजून अवकाश आहे. तोवरचे ऊन वाया घालवू नका. माळ्यावर जुनी पेटी पडली असेल तर या आठवड्यातच खाली काढा, काच पुसा, आणि पहिल्या दिवशी नुसते दोन बटाटे ठेवून तिचा अंदाज घ्या. दुसऱ्या दिवशी थराची भाजी लावा. जमली तर शेजारच्या घरी एक वाटी द्या, आणि रीतही सांगा.